पत्र्याखालचा आकडा

उन्हापासून गाव कसं वाचवायचं, याची मीटिंग होती. आणि आम्हाला उन्हात बसवलं होतं.

लिंबाखालची सावली गाववाल्यांनी भरली. आम्ही मातंग वस्तीच्या बाया कडेला, तापल्या फरशीवर. जरा सरका म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. माझीही नाही.

धाराशिवहून संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी महिनाभर गावात उन्हाचा ताप मोजायची छोटी यंत्रं लावली होती. सरपंचांच्या स्लॅबच्या घरात, शाळेत, देवळाच्या मंडपात. जिथं ताप जास्त, तिथल्या छपरांना आधी घर थंड ठेवणारा पांढरा रंग मिळणार. "हे काम गावानंच केलंय," मॅडम म्हणाल्या. ओढ्यापलीकडची आमची वस्ती त्या गावात नव्हतीच.

माझी सासू लकव्यानं खाटेवर पडून आहे. वर पत्रा. उन्हाळ्यात मी तिच्या अंगावर ओलं लुगडं टाकते आणि धसकटं वेचायला रानात जाते. येईपर्यंत लुगडं वाळून कडक. दारात रोज पाय थबकतो. म्हातारी जिवंत असेल ना? रोज भीती वाटते.

म्हणून उठले. "आमच्यात बी एक यंत्र लावा की."

सरपंच हसले. "तुमच्यात कशाला गं? तुमास्नी सवय हाय उन्हाची."

सावलीतले सगळे हसले. मी मॅडमना विचारलं, "तुमी का न्हाय आलाव तिकडं?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "तिकडं न्यायला कुणी तयार नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. शाळेच्या व्हरांड्यात गेले. खिळ्यावरचं यंत्र काढलं आणि सगळ्यांदेखत घरी आणलं. सासूच्या खाटेच्या वर, छपराच्या आढ्याला बांधलं.

संध्याकाळी गावातले दोघं आले. ओढ्याच्या काठावरूनच ओरडले, "ए, ते यंत्र आणून ठिव हितं!"

"घरात हाय. आत या अन् घिऊन जावा."

आले नाहीत. कसे येतील? आमच्या घरात पाय पडला की विटाळ होतो त्यांना. यंत्र अजून आढ्यालाच आहे. वस्तीतल्या बाया दुपारी येऊन आकडा बघून जातात. शाळेपेक्षा कितीतरी जास्त.

आता छपरांच्या रंगाच्या ठरावाला सगळ्या गावाच्या सह्या लागतात, म्हणून आमच्याही हव्यात, असा सरपंचांचा निरोप आलाय. मी उलट निरोप धाडलाय. सह्या माझ्या घरात मिळतील. भर दुपारी या. उंबरा ओलांडा, पत्र्याखाली बसा, मी देईन ते पाणी प्या आणि आकडा आपल्या तोंडानं वाचा. तोवर वस्तीतल्या एकाही बाईचा अंगठा त्या कागदावर उमटणार नाही.