शेळ्यांच्या औषधाचा आकडा

पुण्याची नोकरी सोडून आम्ही नवरा-बायको पिंगळीला येऊन राहिलो, तेव्हा पहिलं काम हाती घेतलं ते शेळ्यांच्या औषधाच्या ॲपचं. शेळीचं वजन टाकायचं, जंताचं औषध किती मिली पाजायचं ते मोबाइल सांगणार. तक्ता जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी तपासून दिला होता. पडद्यावरची मांडणी बायकोची, कोड माझा. खरं तर दोघांचंही बरंचसं काम एआयच करायचा. आमचा नियम एकच होता. त्यानं केलेला प्रत्येक बदल आधी वाचायचा, मग वेगळी आवृत्ती म्हणून जपून ठेवायचा, काही बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून. बायको तो पाळायची. मी स्वतःला फार हुशार समजायचो; आठवडाभराचे बदल एकगठ्ठा ठेवायचो आणि काय बदललं याची नोंदसुद्धा एआयकडूनच लिहून घ्यायचो.

घरामागच्या मावशी शेळ्या राखतात. ॲप सगळ्यांत आधी त्यांनीच वापरलं. ०.५ मधलं टिंब त्यांना नीट दिसेना, म्हणून मी एआयला म्हटलं, आकडे मोठे आणि सोपे कर. त्यानं केले. पडदा छान दिसत होता. मी होकार देऊन मोकळा झालो.

शुक्रवारी सकाळी मावशी दारात आल्या. आदल्या दिवशी औषध पाजलेली दोन करडं मेली होती. मोबाइलनं एक मिली सांगितलं होतं. मी ॲपमधला तक्ता उघडून पाहिला. अर्ध्याचं एक झालं होतं. सोपं करण्याच्या नादात एआयनं थेट तक्त्यातलेच आकडे पूर्ण करून टाकले होते.

ॲप आणखी काही घरांत गेलेलं. ते कधीपासून चुकतंय हे कळल्याशिवाय कुणाला सावध करायचं? होकार नेमका कोणत्या दिवशी दिला ते आठवेना, म्हणून मी जुन्या आवृत्त्या उघडल्या. अख्ख्या आठवड्याची एकच होती आणि तिच्यापुढं नोंद होती, ‘किरकोळ सुधारणा’.

उत्तर मावशींकडं होतं. एकाच जनावराला दोनदा पाजलं जाऊ नये म्हणून त्या औषध दिलं की पाठीवर पट्टा ओढतात, दर खेपेला वेगळ्या रंगाचा. सोमवारची गेरूवाली करडं ठणठणीत होती, गुरुवारची निळीची मेली. म्हणजे बदल सोमवारनंतरच्या दोन-तीन दिवसांतला. सोमवारनंतर कुणीकुणी पाजलं, ते मी फोन करून विचारत आणि ॲप वापरू नका म्हणून सांगत सुटलो. देवगाव फाट्याच्या एका घरी आणखी एक करडू गेलं होतं.

मावशी तोवर ओट्यावर बसून होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "ही चूक तुजी का त्या मशीनची?"

मशीनची म्हणायला जीभ वळवळत होती. माझी, म्हणालो.

"मंग ते मोबाइलातलं काडून टाक. कागदावर लिवून दे."

मी ॲप काढलं. डॉक्टरांचा मूळ तक्ता समोर घेऊन अक्षरांत लिहिलं: अर्धा, एक, दीड. लाजेनं मान वर होत नव्हती. कागद त्यांना दिला, तर त्यांनी तो परत माझ्याच हातात ठेवला.

"आता वाचून दाव," त्या म्हणाल्या, "पयल्यापासून. तू बगितलंस का न्हाई, ते मला बगू दे."