पाळण्यातली पाटी

अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुठल्याही कंपनीला शरण न गेलेला एकच माणूस उरला आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. तसे ते वर्षानुवर्षं चाकणच्या एका कारखान्याची पहिल्या शिफ्टची बस पकडतात, पण ते पोटापुरतं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. खिशात तारखा-नंबर टिपायचा तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझर, जो बनवणं कंपनीने केव्हाच सोडून दिलं. त्यावर काडीने लिहावं लागतं, म्हणून ते त्याला पाटी म्हणतात. "मोबाइलवर का नाही ठेवत हे सगळं?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "राव, माझ्या दाढदुखीची तारीख मी परक्याच्या घरी का ठेवू?"

पाटीला अक्षरंही तिच्याच वळणाची लागतात. इंग्रजी 'ए' काढताना मधली आडवी रेघ द्यायची नाही. साडूंच्या हाताला हे वळण इतकं जडलं की चेकवरची सही जुळेना आणि बँकेने चेक परत पाठवला. दुसरा कुणी असता तर पाटी माळ्यावर टाकली असती. साडूंनी रजा टाकून बँकेतली सही बदलून घेतली.

पाटीतलं लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपमधलं पाटीत, म्हणजे सिंक, हा त्यांच्या घरचा संध्याकाळच्या चहानंतरचा सोहळा. पाटी लॅपटॉपला जोडायला ज्या छोट्या स्टँडमध्ये बसवतात त्याला साडू पाळणा म्हणतात. आधी पाळण्याचं बटण दाबायचं आणि लगेच लॅपटॉपला हुकूम सोडायचा. जरा उशीर झाला की दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. लिनक्सची नवी आवृत्ती आली की जमलेलं पुन्हा बिनसतं. मग साडू अख्खा रविवार खर्ची घालून दिलजमाई करतात आणि जिन्यात भेटेल त्याला पेढा देतात. बटणावर ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. "दाबलं?" "दाबलं!" "आलं!" संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या इमारतीत हे सगळ्यांना पाठ आहे.

एकदा ताईच्या आळंदीच्या आत्याबाईंचा फोन चालू असताना ती म्हणाली, "आत्या, जरा थांबा हं, हिला पाळण्यात ठेवते." दुसऱ्या दिवशी आत्याबाई झबलं-टोपडं घेऊन दारात हजर. "दत्तक घेतली व्हय गं? आन् आमाला सांगायचं न्हाई?" ताईला मूलबाळ नाही. मग ताईनेच टोपडं उचललं, पाटीला घातलं आणि म्हणाली, "बसतंय की!" आत्याबाई आधी हसल्या, मग रडल्या. तेव्हापासून पाटीवर धूळ बसत नाही.

गेल्या वर्षी ताईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती चिंचवडच्या हॉस्पिटलात, आणि इकडे साडूंनी सिंकच थांबवलं. पाटीचे सेल उतरत आलेले. ते संपले किंवा बदलताना जरा चुकलं की आतलं सगळं पुसलं जातं, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोळ्यांच्या वेळा फक्त पाटीत होत्या. मी म्हटलं, "मी दाबतो बटण." टेबलापाशी गेलो तर पाळणा लॅपटॉपला अगदी खेटून. एका माणसाला दोन्ही सहज जमलं असतं. मी तसं बोलूनही गेलो.

"जमतं की," ते म्हणाले. "पहिल्यापासून जमतं." आणि टोपड्याची नाडी नीट बांधत बसले. मला त्या माणसाचा फार हेवा वाटला.

ताईला अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं त्या दुपारी साडू कापडी पिशवी घेऊन पोचले. पिशवीत लॅपटॉप, पाळणा आणि टोपडं घातलेली पाटी. नर्सबाईंनी डोळे वटारले, पण साडूंचा चेहरा बघून बाजूला झाल्या. त्यांनी पाळणा ताईच्या हाताखाली सरकवला. तिचं बोट बराच वेळ बटण शोधत होतं.

"दाबलं?"

"दाबलं," ताई म्हणाली. आवाज जेमतेम फुटला.

साडूंनी कळ दाबली. पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. साडू टोपड्याची नाडी पुन्हा बांधू लागले.

"अहो, आलं ना?" ताईने विचारलं.

"आलीस," ते म्हणाले.