हुग्गी संपली, असं मी म्हणाले

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, गुरूंनाही नाही. तुम्हाला का सांगते — ते विचारू नका.

ताडकळसला श्रावणी सोमवारी आम्हा लिंगायतांचा दासोह असतो — सगळ्यांना जेवण. चूल, वाढप, पंगत, बारा-तेरा वर्षं सगळं माझ्या हाती. सभा भरवायला सरकारची परवानगी लागते; जेवायला लागत नाही. म्हणून बायकांना जे सांगायचं ते मी तिथंच सांगते. गळ्यात इष्टलिंग आहे ना — मग जात विचारायची नाही. एकच पंगत. बायका माझं ऐकतात. आणि मी? मी ऐकते का?

दुसऱ्याच वर्षी गंगू आली. चामडं कमावणाऱ्या घरातली. गळ्यात लिंग, अंगावर धुतलेलं लुगडं. "अक्का, तुमी सांगितलं म्हणून आले," म्हणाली. पंगतीत पाटलीणबाई होत्या. हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, गहू त्यांच्याच घरचा. त्यांचा हात थांबला. माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलल्या असत्या तर मी भांडले असते का? — माहीत नाही.

"हुग्गी संपली गं," मी म्हणाले.

तेवढ्यात वाढणारी पाटलीणबाईंची सून आली, माझ्यामागच्या तपेल्यावरचं फडकं उचललं आणि वाडगं भरून घेऊन गेली. वाफ आली. गंगूनं पाहिलं.

"मला बी भूक नव्हतीच, अक्का," म्हणून ती वळली. दारात पत्रावळी देणाऱ्या म्हातारीनं तिला अडवलं. "झालं बी जेवण? गिळलीस का काय, बये?"

"मग! लय गोड झाली होती," गंगू म्हणाली.

मी ऐकलं. तपेल्यावर फडकं परत टाकलं.

पण — सांगायचं ते हेही नाही. पुढच्या सोमवारी ती आली नाही. बायकांनी विचारलं, गंगू कुठं? मी म्हणाले, "तिची श्रद्धाच तेवढी." शांतपणे म्हणाले, डाळीतले खडे निवडत. कोणी शंका घेतली नाही. शब्द माझा होता. बायका अजून तिला तोंडावर हे ऐकवतात. ती उलटून बोलत नाही.

मागच्या बाजारी ती समोरून आली. जवळपास ओळखीचं कोणी नव्हतं. थांबली. "बरं हाय का, अक्का?"

"बरंय," म्हणाले, आणि मिरच्यांचा भाव विचारायला वळले.