बियाचं वांगं

कुणावरही, कशावरही आणि कधीही विश्वास ठेवायचा नाही अशी शपथ घेऊन जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझ्या नशिबाने तो माझा व्याही निघाला. निजामाच्या काळापासून तालुक्याच्या कोर्टात ते पेशकार होते. मुन्सफासमोर कागद वाचून दाखवायचे आणि पुढे उभा असलेला माणूस खोटं बोलतो आहे हे गृहीत धरायचं, यात त्यांची उमर गेली. नोकरी संपली आणि ते बोरीला घरी येऊन राहिले, पण कोर्ट काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. दूधवाल्याचं माप, शेजाऱ्याचं खोकणं, डॉक्टरचं औषध, आभाळातले ढग, सगळं त्यांच्या लेखी आरोपी. एकदा मी एसटीतून उतरून घामाघूम होत त्यांच्या दारात उभा राहिलो आणि हात जोडून ‘राम राम’ म्हणालो. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कशाबद्दल?”

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर माझी तक्रार कुणाला कळणार नाही. मी भांडीवाला. डोक्यावर भांड्यांचा हारा घेऊन खेडोपाडी घागरी आणि पराती विकत फिरलो, तेव्हा कुठे परभणीत दुकान उभं राहिलं. घासाघिशीत मला हरवणारी बाई अजून जिल्ह्यात झालेली नाही, आणि राग आला तर माझा आवाज स्टेशनापर्यंत जातो असं आमची मंडळी म्हणते. पण मुलीचा बाप झाला की माणसाचा आवाज आपोआप घशात राहतो. माझी एकुलती एक लेक पेशकारांच्या घरात दिलेली. ती दिवाळीला चार दिवस माहेरी यायची, तर पेशकार एसटीपर्यंत पोहोचवायला यायचे आणि परतीचा दिवस माझ्याकडून तोंडी वदवून घ्यायचे. वर कंडक्टरला म्हणायचे, “ऐकलं न्हवं? तुमी गवाह हाव.” अशा माणसासमोर मी दात दाबून हसत उभा राहायचो. माझ्या दाढा लवकर पडल्या त्या याच्यामुळेच, असा मला दाट संशय आहे.

घरामागे त्यांची परसबाग होती. बोरीत तशी बाग दुसरी नव्हती, हे मी रागातही कबूल करतो. चुका, शेपू, अंबाडी, मेथी, कोथिंबीर, ओव्याची चार झाडं, मांडवावर दोडका, आणि विहिरीच्या अंगाला वांगी. पण त्या बागेत विकतचं एकही बी पडलेलं नव्हतं. दुकानातल्या छापील पाकिटावर लालभडक टमाट्याचं चित्र असायचं, ते पाहून पेशकार म्हणायचे, “चित्र कशापायी काढलं? माल खरा असता तर तोंड दाखवायची काय गरज हाय?” घरचं बी होतं त्याचीही सुटका नव्हती. पेरणीच्या आधी प्रत्येक बी परातीतल्या पाण्यात पडायचं. तरंगलं ते खोटं. बुडालं त्याच्यावरही लगेच विश्वास नाही. त्यातली चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून उशाशी ठेवायची आणि कोंब आले तरच बाकीच्यांना जमीन दाखवायची. धने रगडून त्यांची दोन दळं केल्याशिवाय कोथिंबीर उगवत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण पेशकार धने रगडायला बसले की वाटायचं, आता एकेक धना गुन्हा कबूल करणार. भोपळ्याच्या बिया शेणात दाबून त्यांनी भिंतीला थापल्या होत्या, त्याही स्वतःच्या खाटेच्या वर. भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी विचारलं तर म्हणाले, “उंदीर येतात.” आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शेपूट असल्याचा भास झाला.

भाजी द्यायला मात्र हात सढळ होता, आणि तिथेच मला पहिली शंका आली. परभणीला निघताना माझी पिशवी ते स्वतः भरायचे. दोडकी बोटाएवढी, गवार दुधावरची, भेंडी अशी की नख लावलं की पाणी सुटावं. आमची मंडळी खूश. “काय कोवळी भाजी देतात व्याही!” मी व्यापारी माणूस. फुकट मिळणारी वस्तू मी नेहमी उलटी करून पाहतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाच्या घरून निघालेल्या एकाही भाजीत रुजेल असं बी नसतं! पोटात दाणा धरायच्या आधीच तो तिला तोडतो. कोथिंबीर द्यायचे ती मुळासकट नाही, कापून. चुका द्यायचे तो फुलोऱ्याच्या आधी. आपल्या बागेतलं बी दुसऱ्याच्या अंगणात रुजू नये म्हणून इतका उदार झालेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे?

तरी मी गप्प राहिलो असतो. चुका आणि शेपू मला परभणीत कुठेही मिळतो. माझं भांडण होतं ते वांग्यावरून.

ते वांगं माझ्या आईचं. अंड्याएवढं, हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा आणि देठाला काटे. आईने ते वांगं अंगणात लावलं, टोपलीत भरून दारोदार विकलं आणि त्यावर मला वाढवलं. माझ्या दुकानातल्या पहिल्या परातीमागे ती टोपली आहे. लेकीच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, आईने त्याचं बी फडक्यात बांधून नातीच्या पदराला गाठ मारली. त्या वर्षी आई गेली. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, आमच्या अंगणातल्या आडाला तळ दिसला आणि झाडं वाळून गेली. बियाला ठेवलेलं एकुलतं एक वांगं उभ्या झाडावर चिपाड झालं. आता ते वांगं जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, पेशकारांच्या विहिरीच्या अंगाला. आणि पेशकार गावभर सांगत होते, “हे वांगं आमच्या घराण्याचं हाय.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांच्याच ओसरीवर, कुणीतरी पाहुणा वांग्याची तारीफ करत असताना ऐकलं, आणि हातातला चहा मी बशीसकट गिळला असता. पाहुणा गेल्यावर मी आवाज खाली ठेवून म्हणालो, “पेशकारसाहेब, या वांग्याचं थोडं बी पाहिजे होतं. अंगणात लावावं म्हणतो.”

“माझ्या हातात न्हाई ते.”

“अवो, तुमच्या हातात न्हाई तर कुणाच्या? बागेची चावी तुमच्या जानव्याला हाय!”

“चावी हाय. हक न्हाई.”

याला काय म्हणायचं? मी पुढच्या खेपेला तांब्याचं घंगाळ घेऊन गेलो. आमच्या दुकानातला सगळ्यात चांगला माल. त्यांनी ते उपडं करून पाहिलं, बोटाने वाजवून पाहिलं, कडीजवळ कान नेला. मग म्हणाले, “दुकानदार, कोर्टात याला एक नाव हाय. तुमचा मान म्हून ते घेत न्हाई.” घंगाळ परत माझ्या हातात आणि पिशवीत कोवळी वांगी. त्यातलं जरा मोठं दिसणारं वांगं मी घरी फोडून, बी सुकवून, कुंडीत टाकून पाहिलं. रोज पाणी घातलं. कुंडीत गवत फार छान आलं.

लेकीला विचारावं तर ती पदर सारखा करत म्हणायची, “बाबा, मामंजी देतील तवा देतील. मी कशी मागू?” म्हणजे पोरही फितवली. माझी खात्री पटली की या घरात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतं आहे, आणि ते वांगंच आहे.

एकदा पहाटे तांब्या घेऊन मागच्या दाराने निघालो होतो. बागेचं दार उघडं दिसलं, जाता जाता डोकावलो, इतकंच. मधल्या झाडावर एकच वांगं पिकायला सोडलेलं दिसलं. पिवळं पडत आलेलं, जड, बियाने भरलेलं. जवळ जाऊन पाहतो तर त्याच्या देठाला लाल सुताचा वेढा, आणि गाठीवर लाख ओतून उमटवलेला अंगठीचा शिक्का! लोक बियाच्या फळाला चिंधी बांधतात, कुणी तोडू नये म्हणून. या माणसाने वांगं सीलबंद केलं होतं. मी वाकून शिक्का वाचत होतो, एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, “दुकानदार, सील तुटलं तर पंचनामा होईल.” मी तांब्यातलं पाणी तिथेच झाडाला ओतलं आणि म्हणालो, “सुकल्यासारखं दिसायलंय म्हून पाहायलो होतो.” पलीकडून फक्त “हं” आला. त्या ‘हं’मध्ये मला सक्तमजुरी झाली होती.

दुष्काळातली एक गोष्ट सांगायची राहिली. तेव्हा मी लेकीला भेटायला बोरीला गेलो होतो. विहिरीत हंडाभर पाणी साचायला दुपार व्हायची. घरात पेशकार दिसेनात म्हणून मागे गेलो, तर हे गृहस्थ वांग्याच्या झाडाशेजारी दगडावर बसून आंघोळ करत होते. तीन बाजूंना गोणपाट बांधलेलं, चौथ्या बाजूला झाड. एका तांब्यात त्यांची आंघोळ, आणि अंगावरून उतरलेलं पाणी हाताने उकरलेल्या नाळीतून झाडाच्या बुडाशी. साबण नाही; झाडाला सोसणार नाही म्हणून. दुसऱ्या कुणाला गहिवरून आलं असतं. मला आला तो संशय. जो माणूस झाडासाठी आपली आंघोळ घालवतो, तो उद्या त्यावर कब्जा सांगणार! मी घरी येऊन मंडळीला म्हणालो, “आपलं वांगं गेलं. पेशकारानं न्हाऊन घेतलं त्याच्यावर.”

पुढे पाऊसपाणी झालं, बागा हिरव्या झाल्या, आणि माझी तक्रार मात्र वाळत टाकल्यासारखी कडक होत गेली. शेवटी एका दुपारी बोरीच्या ओसरीवर जेवण झालं होतं. पानात आईचं वांगं होतं, अख्खं, मसाला भरलेलं. तोच वास, तीच चव. पेशकारांनी समोर बसलेल्या सरपंचाला सांगितलं, “आमच्या घराण्याचं हाय.” आणि माझा तोल गेला. मुलीचा बाप, व्याह्याची ओसरी, सगळं विसरलो. “घराण्याचं?” मी ओरडलो. “माझ्या आईनं हे वांगं विकून मला मोठं केलं, आन् तुमी त्याला लाख लावून आपलं म्हणता? पेशकार हाव का दरोडेखोर?” सरपंच चप्पल शोधू लागला. आतली भांडी वाजायची थांबली.

पेशकार चिडले नाहीत. त्यांनी तोंडातला विडा नीट चावला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर कुणी खरं बोलत होतं.

“तुमच्या आईचं न्हाई असं मी कवा म्हणलं?” ते म्हणाले. “पाठवणीला म्हातारीनं गाठ मारली तवा मी तिथंच हुबा होतो. कशाची गाठ, म्हून मला शक आला. मी इचारलं. म्हातारी म्हणली, ‘पोरीला माहेरचं कायतरी तिच्या नावचं असू द्या, पेशकारसाब.’ तुमच्या हवाली केलं तिनं? न्हाई. माझ्या? न्हाई. ती अमानत हाय, सूनबाईची. म्या फकत राखली.”

“मग आमच्या घराण्याचं म्हून का सांगत फिरायलाव?”

“सून आमच्या घराण्याची न्हाई का?”

हिशेब बरोबर होता. तरी व्यापारी माणूस, सहज सुटत नाही. “बरं, ती मालकीण. मग तिला एकदा तरी इचारलं का?”

“मालकानं अर्ज करायचा असतो. कोर्ट घरोघर जाऊन इचारत न्हाई.”

“आन् तू का बोलली न्हाईस गं?” मी आत पाहून विचारलं.

लेक उंबऱ्यात उभी होती. “सासरचं उचलून माहेरी लावायली, असं कुणी म्हणलं असतं म्हंजे?” ती म्हणाली.

म्हणजे सून मागेना, कारण सुनेने मागायचं नसतं. सासरा देईना, कारण वस्तू सुनेची. आणि मी व्याही म्हणून तोंड बांधून बसलो होतो. तिघांच्या रीतभातीत माझ्या आईचं वांगं बोरीत कैद होतं.

पेशकारांनी घसा साफ केला. “सूनबाई, तुझी काय मर्जी हाय? वडिलांना बी द्यायचं का?”

त्या घरात तिला कुणी मर्जी विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिने पदर डोक्यावर घेतला, आणि म्हणाली, “द्यायचं न्हाई.”

मी उठून उभाच राहिलो.

“बाबाकडं दिलं तर बाबा गिऱ्हाइकाला वाटून टाकतेल. शेजारी दुसरी वांगी असतेल, त्यांच्या संगतीनं बी बाटतं, पण ती उपटायचं भान राहणार न्हाई. बी माझ्या हातानं पडंल. रोप मी टाकणार, लावणी मी करणार, फुलं धरीस्तोवर मी परभणीला राहणार. मग बियाचं वांगं पिवळं झालं की काढायला पुन्हा येणार. दर साली. कबूल असंल तर न्या.”

“आगं, इतके दिवस?” पेशकार म्हणाले.

“मग ऱ्हाऊ द्या. झाडं हितं बी बरी हायती.”

“लावणी झाली की परत ये,” ते भावात खाली आले.

“फुलं धरीस्तोवर.”

“बरं, एखादी कळी दिसली की.”

“फुलं, मामंजी.”

पेशकारांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते सावकाश म्हणाले, “दुकानदार, ही तुमचीच पोरगी हाय. शक न्हाई.” मान डोलावून त्यांनी चावी तिच्या हातात दिली.

त्या पावसाळ्यापासून लेक दर वर्षी अंगणात वांगी लावायला येऊ लागली, तेही परतीचा दिवस न सांगता. पेशकार स्वतः दोनदा येऊन आमच्या आळीतली वांगी तपासून गेले. मधमाशी कुठून कुठे जाते याबद्दल त्यांनी शेजाऱ्यांचे जबाब घेतले. मागच्या साली ते गेले. आईचं वांगं माझ्या पानात पुन्हा आलं, पण माझी तक्रार मिटलेली नाही. ‘अमानत’ हा एक शब्द त्यांनी मला आधी कानात सांगितला असता, तर त्यांच्या ओसरीवरचे कितीतरी चहा मी सुखाने प्यायलो असतो, आणि दोघं बसून बाकीच्या जगावर संशय घेतला असता. आता बोरीला गेलो की जावई हसून पुढे येतो, माझी पिशवी घेतो, बाग सताड उघडी ठेवून म्हणतो, “काय पाहिजे ते तोडा, मामा.” त्या घरात आता सगळ्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. संध्याकाळच्या गाडीने मी परत निघतो. करमत नाही.