पेशी वाढली

दुसऱ्यांदाही तिसऱ्या महिन्यातच पोटातलं गेलं, तेव्हा सासरी सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की खोट माझ्यात आहे. नवरा म्हणाला, आता तपासण्या पुरे. म्हणून मी कोणाला न सांगता माहेरी गोंदियाला गेले आणि आईला सोबत घेऊन तिथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा चिमूटभर तुकडा तपासायला पाठवला. त्यात कोणत्या पेशी किती आहेत ते बघू, म्हणाल्या. राज्याच्या हद्दीपलीकडे बालाघाटला, सासरी, परत आले ती चोरासारखी. खरं सांगते, त्या घरात माझा कोणावरच भरवसा नव्हता. नवरा नोकरीला लांब बिरसा गावी, शनिवारच्या शनिवारी येणार. बाकी दिवस मी आणि सासू-सासरे.

मंगळवारी मी शाळेत शिकवायला गेले आणि फोन घरीच चार्जिंगवर राहिला. दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला, तो सासऱ्यांनी उचलला. "गोंदियाहून बोलतेय. मॅडमना सांगा, पेशी वाढल्या आहेत. आता दोघांनाही यावं लागेल." एवढं बोलून तिने ठेवून दिला.

आता सासरे उभी हयात कोर्टात बाबू होते. बोलणं घरात मराठी, पण शाळा सगळी हिंदीत. शरीरात असते ती त्यांच्या लेखी कोशिका. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, आणि पेशी वाढली म्हणजे तारीख पुढे गेली. त्यात फोन माझ्या माहेरच्या गावचा. झालं! सुनेने गोंदियाला केस टाकली, असं त्यांनी पक्कं केलं. मला विचारायचं? छे!

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच की मी खोलीत गेले की दोघं गप्प होतात. बुधवारी सासू काही न सांगता रामपायलीला भावाकडे जाऊन आली. शुक्रवारी कोपऱ्यावरचा फोटोकॉपीवाला मला म्हणाला, "मॅडम, बाबूजी शादी का कार्ड और आपका आधार कॉपी कराके ले गए, सब ठीक है ना?" माझ्या मनात पाल चुकचुकली. घरी येऊन कपाट उघडलं, तर लग्नाचा अल्बमही जागेवर नव्हता. मला काढून टाकून रामपायलीची कोणी मुलगी आणताहेत, दुसरं काय असणार?

शनिवारी नवरा आला. सासऱ्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "सूनबाई, कोन्या कलमात टाकली केस?"

"कायची केस?"

"आता आमालेच विचारून राह्यली! पेशी वाढली म्हणून फोन आलता गोंदियाहून. मीच उचललो."

मला समजायला अंमळ वेळ लागला. समजलं तशी तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खं तपासणीचं प्रकरण मी सांगून टाकलं, चोरून गेले तेही. सासू आधी बघतच राहिली आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "अवो, शरीरातली पेशी म्हणते ते! तुमी तं पुरं कोर्टच बसवलं!" सासरेही ओशाळून हसले. मीही हसले. काय करणार?

सासूने हसत हसतच फाईल आणली, लग्नाचं कार्ड मला परत द्यायला. कार्डाखाली वकीलपत्र होतं. त्याला टाचलेल्या कागदावर सासऱ्यांच्या वळणदार हिंदीत लिहिलं होतं की लग्नाआधीपासून मुलीला रोग होता आणि तो लपवला गेला, म्हणून लग्न रद्द व्हावं. वकीलपत्रावर नवऱ्याची सही होती, खाली गुरुवारची तारीख. म्हणजे गुरुवारी तो बिरसाहून आला, मी शाळेत असताना सही केली आणि तसाच परत गेला. मी कागद होता तिथे ठेवला. कार्ड तेवढं कपाटात ठेवून दिलं.

सोमवारी आम्ही दोघं गोंदियाला गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा काढून समजावलं. अस्तरात पहारेकरी पेशी असायलाच हव्यात. दिवस राहिले की त्यांतल्याच काही बाळासाठी रक्ताची वाट मोकळी करून देतात. बाळ अर्धं बापाकडचं, शरीराला परकंच, तरी त्याला सांभाळून घेतात. "तुझ्या अस्तरात मात्र एका जातीच्या पेशी नको तितक्या जमल्यात. जुनी सूज आहे. त्यामुळेच दोनदा गेलं, असं छातीठोक नाही सांगत मी, पण ती गोळ्यांनी जाईल. यात दोष कोणाचाच नाही." नवरा मान हलवत होता. परक्याला सांभाळून घेणाऱ्या त्या पेशींचा मला हेवा वाटला, आणि रडू आलं ते मी तिथेच रडून घेतलं.

गोळ्या संपल्या, तुकडा पुन्हा तपासला, रिपोर्ट साफ आला. परतीच्या बसमध्ये नवरा खुशीत होता. "आता चान्स घेऊ," म्हणाला.

मी म्हटलं, "त्या गुरुवारी तुमी बालाघाटात होते. सही करून गेले. मले एक फोन करून काहून नाही विचारलं?"

तो खिशातलं तिकीट काढून बघत बसला. मग म्हणाला, "बाबूजी म्हणले, तिले कळू देऊ नको."

याला आता वर्ष होत आलं. सासू दर महिन्याला विचारते, नवरा विचारायचा थांबला आहे. चान्स मी अजून घेतलेला नाही.