म्यूटचं बटण दाबलेलं मी

गेमिंगवाल्यांनो, डोकं फिरलंय.

सकाळी तासभर बसून व्हॉइस चॅटचे शॉर्टकट लावले. एफ नऊ दाबलं की माझा माइक बंद. दोनदा तपासलं, चाललं.

दुपारी मॅच सुरू असताना आई खोलीत आली. मी एफ नऊ दाबलं.

"तो कोपऱ्यावरचा अनिकेतपण खेळतोय का गं? नोकरी लागली त्याला?"

"कुठली लागतेय," मी म्हणाले. "दिवसभर इथे गेमवरच पडलेला असतो."

हेडफोनमध्ये अनिकेत शांतपणे म्हणाला, "काकूंना सांग, सोमवारी इंटरव्ह्यू आहे."

गेम चालू असताना तो शॉर्टकट चालतच नाही म्हणे. गेममध्ये चालायचं सेटिंग वेगळं, कुठेतरी आत लपवलेलं. ते आता सापडलंय, म्यूट होतंय.

अनिकेत मॅच सोडून गेला. त्याला काय मेसेज करू?