लडाखची हिमनदी आणि शिनोलीचं खाचर

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत बर्फाच्या जोरावर भात पिकवलेला माणूस एकच, आणि तो माझा मेहुणा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, घाटघरचा. फौजेत ट्रक चालवत लडाखला होता, नव्वद सालानंतर पेन्शनीत निघाला. बाकीचे फौजी येताना रम आणतात, ट्रान्झिस्टर आणतात. यानं डोक्यात हिमनदी आणली.

हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. ती चालते, पण चालताना डोळ्याला दिसत नाही. जाईल तिथला डोंगर खरवडते, खरवडलेलं पोटात घेऊन पुढं सरकते आणि वितळेल तिथं टाकून देते. मी चौथी नापास, तरी मला हे पाठ, कारण हे सांगितल्याशिवाय तो घास तोंडात घालत नसे. नाणेघाटाच्या तोंडाशी मला उभं करून म्हणाला, "दाजी, ही दरी पाण्यानं चिरलीय, कोयत्यानं चिरल्यावानी. बर्फाची दरी गुळाच्या काहिलीवानी असती, बूड रुंद न् काठ उभं." लग्नाच्या पंगतीत पानातल्या भातावर बोटानं दऱ्या कोरून शेजारच्याला दाखवायचा. शेजारचा पान उचलून दुसरीकडं जायचा. एकदा तर तळाशी खडी टाकून गोठवलेली बर्फाची लादीच कारखान्यातून घेऊन आला आणि आमच्या नव्या शहाबादी फरशीवरून ओढली. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओरखडे! बायको लाटणं घेऊन धावली, तर हा खुशीत: "अक्का, बघ! बर्फ न्हाई कापत, त्याच्या पोटातला दगूड कापतो!"

बायको भाताच्या गावची, आणि आमचं शिनोलीचं रान उताराचं, मुरमाड. नाचणी-वरईशिवाय काही येत नसे. दरसाल माहेरून तांदळाचं पोतं यायचं आणि ती ते मान खाली घालून उतरवून घ्यायची. एकदा भावासमोर बोलून गेली, "किती वरसं माहेरचाच भात खायचा? एकदा तरी आपल्या रानातला तांदूळ घिऊन माहेरी जायचंय मला."

झालं. दुसऱ्या दिवशी हा बाभळीचा ओंडका घेऊन रानात. ओंडक्याला तळातून खाचा पाडल्या, त्यात धारेचे दगड ठोकले, माझे बैल जुंपले आणि वजन पाहिजे म्हणून चैताच्या उन्हात फौजेचा कोट घालून स्वतः वर बसला. वरचा उंचवटा खरवडायचा, मुरूम-गोटे ओढत खालच्या कडेला नेऊन टाकायचे, म्हणजे रान सपाट आणि पाणी अडवायला बांध. दोन उन्हाळे हेच. माणसं बांधावर येऊन विचारायची, "काय पावणं, बर्फ कवा पडायचा?" हा वरूनच म्हणायचा, "मीच बर्फ हाय. सरकायला टाइम लागतो."

शेजारी कळकळीनं म्हणाला, "भाऊ, बांध दगडावर दगूड बसवून रचायचा असतो. ह्यो नुसता उकिरडा झाला. पयल्या पुरात जाईल."

"नदी निवडत बसती," मेहुणा म्हणाला. "गोटा हितं, वाळू तिथं. बर्फ निवडत न्हाई. गोटा, खडी, माती सगळं एकात एक कोंबतो. त्यो ढीग हालत नसतो."

आषाढात आभाळ फाटलं. शेजाऱ्याचा रचलेला बांध दुपारीच फुटला. बायको डोक्यावर पानांचं इरलं घेऊन आमच्या बांधावर उभी, घरात यायला तयार नाही. पाणी चढत गेलं, काठाला लागलं आणि थांबलं. ताटात वाढावं तसं सारख्या पातळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं अशी आरोळी ठोकली की बैल बिचकले. शेजारी स्वतःचं फुटलेलं खाचर सोडून आला, बांधावर पाय आपटून बघितला आणि म्हणाला, "राव, जिकला तुमचा बर्फ!"

दिवाळीनंतर बायको एसटीतून घाटघरला उतरली, तेव्हा पोतं तिनं मला शिवू दिलं नाही. डोक्यावर घेऊन गावाच्या मधल्या वाटेनं अशी चालली की तिच्या लग्नाची वरातही इतक्या तोऱ्यात निघाली नव्हती. भावजयीच्या दारात दाणकन टेकवून म्हणाली, "माझ्या रानातला हाय. आजच शिजव."

आता ती नाही. मेहुणा सुगीला अजून येतो, त्या बांधावर पाय सोडून बसतो. लडाखचं फार बोलत नाही. मागं एकदा म्हणाला, "दाजी, बर्फ वितळून गेल्यावरच दिसतं, त्यानं काय काय आणून ठेवलं व्हतं." "भात निवतोय, जेव," मी म्हणालो. भात मी शिजवलेला असतो, म्हणून जरा कच्चाच. तो मागून घेतो.